पावसात रस्ता जातो कुठे?

जुलैतली रात्र. कल्याणहून निघून आम्ही माळशेज घाट चढत होतो. मामा चालवत होते, मी शेजारी. पाऊस नुकताच थांबलेला, नवल म्हणजे धुकंही नव्हतं आणि गाडीचे दोन्ही दिवे ठणठणीत. तरीही समोर काळोखाशिवाय काही नाही. मधला पांढरा पट्टा गायब, कडेचा गायब, डांबर तर कुणी पुसून टाकल्यासारखं. समोरून ट्रक आला की मात्र तोच रस्ता लखलखायचा आणि डोळे दिपायचे.

“मामा, रस्ता दिसतोय ना?”

“दिसतोय कुठला? पाठ आहे.”

मी उरलेला घाट गप्प बसलो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. पाणी तर पारदर्शक. तांब्यातल्या पाण्यातून तांब्याचा तळ स्वच्छ दिसतो. मग नखाएवढ्या जाडीचा पाण्याचा थर अख्खा रस्ता गिळतो कसा? उत्तर असं की तो काही गिळत नाही. जो उजेड मामांच्या डोळ्यांकडे परत यायला हवा होता, तो भलतीकडे पाठवतो. हे भलतीकडे पाठवणं नीट समजलं, की वांग्याची चकाकी, वड्याच्या कागदावरचा तेलाचा डाग आणि पौर्णिमेचा चंद्र हेही त्याच ओघात समजतात.

कॅरम खेळणाऱ्याला परावर्तनाचा नियम शिकवावा लागत नाही. स्ट्रायकर कडेच्या लाकडावर ज्या तिरकेपणाने आदळतो, त्याच तिरकेपणाने पलीकडे निघतो, हे त्याच्या बोटांना ठाऊक असतं. प्रकाशाचंही तसंच. पृष्ठभागावर काटकोनात एक रेघ उभी आहे असं समजा. शाळेच्या पुस्तकात तिला स्तंभिका म्हणतात. येणारा किरण तिच्याशी जेवढा कोन करतो, तेवढाच कोन करून परतणारा किरण दुसऱ्या बाजूला जातो. आरसा, भिंत, डांबर, सगळ्यांना नियम हाच. पुस्तकात पुढे ‘नियमित’ आणि ‘अनियमित’ परावर्तन अशी दोन नावं येतात आणि अनियमित परावर्तनात प्रकाश नियम मोडतो असा समज होऊन बसतो. माझा तरी बरीच वर्षं होता. तो नियम कधीच मोडत नाही. कॅरमची कड लाकडाऐवजी खडीची केली, तर स्ट्रायकर प्रत्येक खड्याशी नियमानेच वागेल. फक्त प्रत्येक खड्याचं तोंड वेगळीकडे असल्यामुळे तो कुठे जाईल हे सांगता येणार नाही. भिंतीवर, कागदावर, कोरड्या डांबरावर हेच होतं आणि प्रकाश सगळीकडे विखुरतो.

हे विखुरणं फार कामाचं आहे. वस्तू दिसते ती तिच्याकडून निघालेला उजेड डोळ्यांत शिरला तरच. खडबडीत वस्तू उजेड चहूकडे उधळते, म्हणून ती कुठूनही दिसते. निर्मळ आरसा मात्र स्वतः दिसतच नाही. दिसतं ते त्यातलं दुसरं काहीतरी. स्वच्छ पुसलेल्या काचेच्या दारावर नाक आपटलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

एक गंमत घरातच पाहता येते. रोजच्या वापरातलं जुनं स्टीलचं ताट एका बल्बखाली धरा. वर्षानुवर्षांच्या घासणीने त्यावर बारीक चरे पडलेले असतात, वेडेवाकडे, सगळ्या दिशांना. पण दिसतं काय? बल्बच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल चकाकणाऱ्या रेघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. ताट सरकवलं की वर्तुळंही प्रतिबिंबाबरोबर सरकतात. म्हणजे चरे गोल नाहीतच. प्रत्येक चरा उजेड फक्त स्वतःच्या लांबीला आडवा फेकतो. त्यामुळे ज्यांचा आडवा झोत नेमका आपल्या डोळ्याकडे येतो, तेवढेच चरे उजळतात आणि उरलेले शेकडो अंधारात राहतात. ताट तेच, आपण पाहतो कुठून त्यावर नक्षी ठरते.

आता खडबडीत म्हणजे किती खडबडीत? इथे हाताला काय लागतं त्याला अर्थ नाही. प्रकाशाला काय ‘लागतं’ ते महत्त्वाचं. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर. केसाच्या जाडीत अशा शंभराहून जास्त लाटा मावतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांच्या नावाने ओळखला जाणारा एक ठोकताळा आहे: पृष्ठभागावरचे उंचवटे तरंगलांबीच्या साधारण आठव्या हिश्शापेक्षा लहान असतील तर तो त्या लाटेपुरता गुळगुळीत. प्रकाशासाठी हा आकडा ६०-७० नॅनोमीटरवर येतो, केसाच्या जाडीचा हजारावा भाग. कागद हाताला कितीही मऊ लागला तरी प्रकाशाच्या दृष्टीने तो डोंगरदऱ्यांचा प्रदेश आहे.

‘त्या लाटेपुरता’ हे शब्द मी मुद्दाम वापरले. घाट चढून ओतूरवरून नारायणगावच्या बाजूला आलं, की खोडदच्या आसपास शेतांमधून अजस्र तबकड्या दिसू लागतात. ही जीएमआरटी, म्हणजे मीटर लांबीच्या रेडिओलहरी पकडणारी दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. पहिल्यांदा जवळून पाहिल्या तेव्हा मला वाटलं, काम अर्धवट राहिलंय. पत्रा बसवायचा विसरले की काय? तबकडीच्या आरपार आकाश दिसत होतं. नुसती तारेची जाळी, भोकं एक ते दोन सेंटिमीटरची. पण काम पूर्ण आहे. ही दुर्बीण ज्या लहरी टिपते त्यांत सगळ्यात आखूड लहर २१ सेंटिमीटरची, लांब लहरी तर काही मीटरच्या. २१ सेंटिमीटरचा आठवा हिस्सा अडीच सेंटिमीटरहून जास्त भरतो. तेव्हा त्या लहरींना ही जाळी म्हणजे सपाट आरसा. भोकं त्यांना जाणवतही नाहीत. प्रकाशाला मात्र तीच जाळी म्हणजे सताड उघडी खिडकी.

ही दुर्बीण उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गोष्टीचा फायदा उठवला. जाळीतून वारा निघून जातो, त्यामुळे तबकडी पेलणारा सांगाडा हलका करता आला आणि खर्च आवाक्यात राहिला. माझ्या मते परावर्तन शिकवायला याहून चांगली सहल नाही. कारण त्याच पुणे जिल्ह्यात घोडेगावजवळ गिरवलीला आयुका या पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेची दुर्बीण आहे, तिचा आरसा दोन मीटरचा. तिला प्रकाश टिपायचा असतो, म्हणून तिथे केसाच्या हजाराव्या भागाएवढा उंचवटाही खपत नाही. एकीकडे बोट जाईल एवढी भोकं चालतात, दुसरीकडे हे. दोन्हीही आरसेच.

गुळगुळीतपणा आणखी एका गोष्टीवर ठरतो: प्रकाश किती तिरका येतो. साधा पांढरा कागद डोळ्यासमोर आडवा धरा, इतका आडवा की त्याची फक्त कड दिसावी, आणि त्यावरून नजर घसरवत पलीकडच्या खिडकीकडे किंवा ट्यूबलाइटकडे पाहा. कागदावर धूसर चकाकी उमटते, कधी तर चक्क ट्यूबची रेघ ओळखू येते. समोरून पाहिलं तर कागदात कधी काही दिसलंय का? अगदी तिरक्या किरणाला उंचवटे जणू चेपल्यासारखे वाटतात. स्तंभिकेशी ८५ अंशांचा कोन असेल, तर समोरून येणाऱ्या किरणाच्या तुलनेत अकरापट मोठे उंचवटेही चालून जातात.

शिवाय तिरकेपणाने परतणाऱ्या प्रकाशाचं प्रमाणही वाढतं. माळशेजच्या वरच्या अंगाला पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी लागतं. काठावर उभं राहून पायाशी पाहिलं तर तळाचे दगड दिसतात, दूर पाहिलं तर डोंगर उलटे दिसतात. पाणी तेच. पाण्यावर सरळ खाली पडलेल्या उजेडापैकी फक्त २ टक्के परत फिरतो, बाकीचा आत जातो. स्तंभिकेशी ६० अंशांना ६ टक्के, ८० अंशांना ३५ टक्के, ८५ अंशांना ५८ टक्के. पुढे कोन ९० अंशांकडे सरकतो तसा आकडा शंभराकडे धावतो. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे गणित मांडलं. खिडकीची काच समोरून पडलेल्या उजेडाचा दोन्ही बाजू मिळून जेमतेम ८ टक्के भाग परतवते. दिवसा बाहेरच्या उन्हापुढे हे ८ टक्के कुणाच्या लक्षात येणार? रात्री एसटीत दिवा लागला, की त्याच ८ टक्क्यांत आपला पेंगुळलेला चेहरा समोर येतो.

इथपर्यंत पृष्ठभागावरूनच माघारी फिरलेल्या उजेडाची गोष्ट झाली. आत शिरलेल्याची गोष्ट वेगळी आहे, आणि वस्तूचा रंग बहुधा तोच घेऊन येतो. बाजारातून आणलेलं ताजं जांभळं वांगं खिडकीशी धरा. वांगं जांभळं, पण त्यावरचा चकाकता ठिपका पांढराच. लाल बादलीवरचा ठिपकाही पांढरा. हा ठिपका म्हणजे सालीच्या वरच्या वरून परतलेला उजेड. त्याला रंगद्रव्य भेटलेलंच नाही. जो आत शिरला, रंगकणांत भटकला, काही रंग तिथे ठेवून उरलेले घेऊन बाहेर आला, तो जांभळा. आता शेजारी चिंच लावून घासलेला तांब्याचा गडू ठेवा. त्याचा चकाकता ठिपका तांबूस आहे. कारण धातूत ‘आत शिरून भटकणं’ हा प्रकार जवळपास नाहीच. धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन उजेडाला उंबऱ्यातूनच परत पाठवतात. चांदी आणि ॲल्युमिनियम सगळे रंग सारखेच परतवतात म्हणून ती रुपेरी. तांबं आणि सोनं निळ्या बाजूचा उजेड बराचसा शोषून घेतात, म्हणून त्यांची चकाकीच रंगीत. चित्रकाराला हे पक्कं ठाऊक असतं: पितळी समईवर पांढरा ठिपका दिला की ती प्लॅस्टिकची वाटते.

आता वडापावचा कागद. गाडीवर वर्तमानपत्राच्या कागदात वडा बांधून मिळायचा तेव्हाचा तो तेलाचा डाग आठवा. कोरडा कागद पांढरट, डाग काळपट, आणि डागातून पलीकडच्या पानाची अक्षरं दिसतायत. तेलाला तर काळा रंग नाही. मग?

कागद पांढरा का दिसतो इथून सुरुवात करावी लागते. कागदाचे तंतू स्वतः पांढरे नाहीत, जवळपास पारदर्शक आहेत. खडीसाखरेचा खडा पारदर्शक, पण कुटून पिठीसाखर केली की पांढरीफेक, लाल साबणाचाही फेस पांढरा, तसंच हे. प्रकाश हवेतून तंतूत, तंतूतून हवेत असा शेकडो वेळा उंबरे ओलांडतो, दर उंबऱ्यावर थोडा थोडा परत फिरतो, वळतो आणि शेवटी बराचसा आला त्याच बाजूने बाहेर पडतो. उंबरा जेवढा उंच तेवढी अडखळ जास्त. उंबऱ्याची उंची म्हणजे दोन पदार्थांच्या अपवर्तनांकांतला (पदार्थात प्रकाश किती पटींनी मंदावतो त्या आकड्यांतला) फरक: हवेचा १, कागदाच्या तंतूंचा साधारण दीड, तेलाचा १.४७ च्या आसपास. तंतूंमधली हवा जाऊन तेल बसलं, की उंबरा जवळपास सपाट होतो. प्रकाश अडखळत नाही, सरळ पलीकडे निघून जातो. म्हणून समोरून पाहणाऱ्याला डाग काळपट दिसतो. आणि तोच कागद खिडकीकडे धरून मागून उजेड येऊ दिला तर? कागद काळपट आणि डाग उजळ. उजेड हरवलेला नाही, नुसता दुसऱ्या दारातून गेलाय.

ओला कागद, ओला सदरा, पहिल्या पावसानंतरची काळीभोर माती, सगळीकडे हेच घडतं. फक्त पाण्याचा अपवर्तनांक १.३३, तेलाइतका तंतूंच्या जवळ नाही. मातीच्या बाबतीत एक भर पडते, ती स्वीडिश शास्त्रज्ञ अँडर्स आँगस्ट्रॉम यांनी १९२५ मध्ये मांडली. ओल्या मातीवर पाण्याची बारीक साय असते. मातीतून विखुरलेला उजेड त्या सायीतून वर निघू पाहतो, पण स्तंभिकेशी ४९ अंशांहून तिरका असेल तर पाण्याचा वरचा पृष्ठभाग त्याला आतल्या आतच परतवतो. तो पुन्हा मातीवर आपटतो, माती पुन्हा थोडा खाते. दर फेरीला वाटणी. ढेकळाला दोनदा-तीनदा चावा घेतल्यासारखं, आणि बाहेर येणारा उजेड कमी.

घाटातला रस्ता आता उलगडतो. डांबर मुळातच काळं. नवं असताना ते पडलेल्या उजेडाचा जेमतेम २० वा भाग परत देतं. कोरड्या रात्री त्याची खडी हा भाग चहूकडे उधळते आणि त्यातला कणभर मामांपर्यंत येतो. मामांचं काम तेवढ्यावर भागत होतं. पाऊस पडला आणि पाण्याने खडीमधल्या खळग्या भरून काढल्या. गाडीचा दिवा रस्त्यापासून पाऊण मीटर उंच आहे असं धरा. ३० मीटर पुढच्या डांबरावर त्याचा उजेड रस्त्याला दीड अंशाचाही कोन न करता पोचतो, म्हणजे अगदी घासून. एवढ्या तिरकसपणाला शांत पाण्याचा थर सुमारे ८५ टक्के उजेड पुढच्या पुढे पाठवून देतो. उरलेला आत जातो, तिथे ओल्या डांबराची वाटणी ठरलेलीच. मामांना काही नाही. आणि पुढे पाठवलेला उजेड जातो कुठे? समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. ट्रकवाल्याचा आमच्या डोळ्यांत येत होता, आमचा त्याच्या.

पांढरे पट्टे का गेले? त्यांच्यावर रंग ओला असताना काचेचे बारीक मणी टाकलेले असतात, साखरेच्या दाण्यांएवढे. मण्यात शिरलेला उजेड वळून मागच्या रंगावर एकवटतो आणि बराचसा आल्या वाटेने परत फिरतो. दिवा आणि ड्रायव्हरचा डोळा जवळजवळ असल्यामुळे तो उजेड ड्रायव्हरलाच मिळतो. पण हे वळणं हवेतून काचेत शिरतानाचं. मणी पाण्याखाली गेला की उंबरा बराच बुटका झाला, ओल्या कागदासारखाच, आणि मणी निकामी.

त्या रात्री दिसत होती ती फक्त ठोकळ्यांची रांग, रस्त्यात ठोकलेले ‘कॅट आय’. नाव मांजरीवरूनच आलंय. पर्सी शॉ या इंग्रज माणसाने १९३४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आताच्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांत मात्र मणी नसतात, खोलीच्या कोपऱ्यासारख्या एकमेकींना काटकोनात असलेल्या तीन भिंतींचे चिमुकले कोपरे असतात. कोपऱ्यात शिरलेला किरण तिन्ही भिंतींवर आपटला की हमखास आल्या दिशेलाच परततो. कोपरे आत बंद असतात, त्यांच्यापर्यंत पाणी पोचत नाही, आणि ठोकळा थराच्या वर डोकं काढून असतो. आरशाचे तीन चौकोनी तुकडे चिकटपट्टीने जोडून कोपरा करा आणि एक डोळा मिटून आत पाहा. डोकं कसंही हलवा, तुमची बाहुली कोपऱ्याच्या टोकाला चिकटूनच राहते.

याच कोपऱ्यांची चळत अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी १९६९ मध्ये चंद्रावर ठेवली. पृथ्वीवरून सोडलेला लेझर तिच्यावरून परत येतो आणि त्याला लागलेल्या वेळेवरून चंद्राचं अंतर मोजतात. आपल्या चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवरही नासाचे असे आठ कोपरे आहेत. १२ डिसेंबर २०२३ ला चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाने त्यांच्यावर लेझर टाकला आणि उजेड परत मिळवला.

चंद्र स्वतः मात्र काळा आहे. पडलेल्या उन्हाचे जेमतेम १२ टक्के परत देणारा, जुनाट डांबराच्या जातीचा. कोजागिरीला आपण दुधात ज्याचं प्रतिबिंब पाहतो तो हा डांबराचा गोळा. तरी पौर्णिमेचा चंद्र अष्टमीच्या अर्ध्या चंद्राच्या दुप्पट नव्हे, सुमारे दहापट तेजस्वी. अष्टमीला ऊन बाजूने येतं आणि प्रत्येक खड्याची सावली आपल्याला दिसते. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीशी, सावल्या खड्यांच्या मागे दडतात. दहापटीचं एक मोठं कारण हे.

हेच सकाळी शेतात पाहता येतं. जानेवारीत मामांच्या गव्हावर दव पडलेलं असताना उगवत्या सूर्याकडे पाठ करून बांधावर उभा राहिलो. गव्हावर माझी लांब सावली, आणि सावलीतल्या डोक्याभोवती पांढरी प्रभावळ. दवाचे थेंब रस्त्यावरच्या मण्यांचं काम करत होते. सोळाव्या शतकातल्या बेनवेनुतो चेल्लिनी या इटालियन सोनाराला दवाच्या गवतावर ही दिसली, तेव्हा त्याने ती स्वतःवरची ईश्वरी कृपा मानली.

मामांना म्हटलं, “माझ्या डोक्याभोवती बघा, प्रभावळ आहे. तुमच्या नाही.”

ते म्हणाले, “उलट. माझ्या आहे, तुझ्या नाही.”

निकाल लावायला मोबाइल छातीशी धरून फोटो काढला. फोटोत प्रभावळ दोघांच्याही डोक्याभोवती नाही. ती माझ्या छातीपाशी आहे, मोबाइलच्या सावलीभोवती.